हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं, तेव्हा

“एक्स-रे बदलला वाटतं कुणाचा तरी. हे सोळा वर्षांच्या मुलीचे दात नाहीत.”

माझ्या डोक्यामागे उभी असलेली एक मुलगी दुसरीला हळूच म्हणाली. दोघी त्या दातांच्या कॉलेजात शिकत होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या वाट्याला मी आले होते. मी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, गालात कापसाचा बोळा. एक्स-रे माझाच आहे हे मला सांगता येत नव्हतं. बोळा नसता तरी मी सांगितलं नसतं. वर्गात हजेरीला मी इतकं हळू ‘येस मिस’ म्हणायचे की वर्षातून दोन-चारदा तरी माझी गैरहजेरी लागायची.

दुसरीने फिल्मवरचं नाव वाचलं, मग फाइलवरचं. “नाही गं, हीच आहे.”

त्यानंतर दोघी एकदम गप्प झाल्या. डॉक्टर लोक गप्प झाले की काय समजायचं, ते मी त्या दिवशी शिकले.

मग फरहीन मॅडम आल्या. त्या तिथंच पुढचं शिक्षण घेत होत्या आणि हिरड्यांचे पेशंट बघायच्या. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं, परत एक्स-रेकडे पाहिलं आणि खुर्ची सरळ केली. भिंतीजवळच्या बाकावर आई बसली होती. फॉर्म इंग्रजीत होता, पण मॅडम आईला मराठीत विचारत होत्या. आधी काही आजार? गोळ्या चालू? घरात कुणाला शुगर? तंबाखू, गुटखा, सुपारी असं काही?

आईने तोंडावर पदर घेतला आणि हसली. “नाय हो मॅडम. पोरगी इंग्लिश मीडियमला हाय.”

मॅडमही हसल्या. पेन ‘नो’वर टेकलं आणि पुढं गेलं.

आई खोटं बोलत नव्हती. आमच्या घरात मिसरीला तंबाखू म्हणत नाहीत. दात घासायची वस्तू ती. आणि मीही खोटं बोलले नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

*

आता मी वीस वर्षांची आहे. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून हे लिहिते आहे. शाळा इंग्रजी असल्यामुळे मराठी लिहिताना अजून अडखळते, पण ज्या मुलींनी हे वाचावं असं मला वाटतं त्यांच्या घरात मिसरी मराठीतच लावली जाते. चौदा-पंधरा वर्षांची असाल, ब्रशवर लाल दिसत असेल आणि घरात कुणी ‘उष्णता आहे’ म्हणून सोडून दिलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

*

मी नववीत होते. एका सकाळी पेस्टचा फेस गुलाबी झाला. आठवड्याने पेरू चावला तर पांढऱ्या गरावर दातांची लाल रांग उमटली. मी आईला पेरू दाखवला.

“रक्त येतंय तर तो ब्रश कशाला घालती तोंडात?” आई म्हणाली. “हिरडी कच्ची हाय तुझी. ठिव तो ब्रश बाजूला.”

दुपार होती. पप्पा शेंद्र्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले. पप्पा पहिल्या पाळीला असले की मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या पायरीवर आई आणि शेजारच्या मंदाकाकू रोज बसायच्या. घरातला एक जुना तवा फक्त मिसरीसाठी होता. त्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, चाळायचा आणि बामच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायचा. मग चिमूटभर डाव्या तळहातावर, उजव्या हाताचं पहिलं बोट, आणि अर्धा तास दात घासत बसायचं. मधूनच नालीत थुंकायचं. तोंडात मिसरी असली की कुणाला फार बोलता येत नाही. हुं, हां, नायतर मानेनं.

त्या दिवशी आईने डबी माझ्यापुढे धरली. “घे. हिरडी शेकंल.”

पहिल्या पाच मिनिटांत मला गरगरलं. पायरीवरच उलटी झाली. मंदाकाकू हसून हसून आडव्या झाल्या. “अगं माय, मॅडम पडली बघ! इंग्लिश पोटाला सोसंना आमची मिसरी!”

गल्लीतले सगळे मला मॅडमच म्हणायचे, माझ्या युनिफॉर्ममुळे. शाळेत मी मुकुंदवाडीची. तिथल्या मैत्रिणी गारखेड्याच्या, त्यांना त्यांच्या आया गाडीवरून सोडायच्या. सुट्टीत त्या एकमेकींच्या घरी जायच्या, मला कुणी बोलवायचं नाही आणि मी कुणाला बोलवायचे नाही. घरी आले की मॅडम, शाळेत गेले की मुकुंदवाडी. मधे कुठं बसायचं ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गरगरलं नाही. पाचव्या दिवशी रक्त थांबलं.

“बघ,” आई म्हणाली, “म्हणलं होतं का नाय?”

मंदाकाकूंनी सरकून मला जागा केली. “आता आमच्यातली झाली ही.”

शाळेतून आलं की पायरीवर बसायचं. कुणी काही विचारत नाही, कुणी बोल म्हणत नाही, तिघी आपापलं बोट तोंडात घालून रस्ता बघतोय. माझ्यासारख्या मुलीला आणखी काय हवं? पुढची दोन वर्षं हिरडीतून रक्ताचा थेंब आला नाही आणि मी कधी दवाखान्यात गेले नाही.

रक्त का थांबलं ते पुढं फरहीन मॅडमनी सांगितलं. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालूच राहतो, फक्त रक्त बाहेर दिसत नाही. हिरडी हाका मारत होती आणि आम्ही तिचं तोंड दाबून ठेवलं होतं.

*

अकरावीत गेल्यावर खालचे पुढचे दोन दात हलू लागले. जिभेने ढकलला की दात पुढं जायचा आणि परत यायचा. मी दिवसभर जिभेने मोजत असायचे, काल इतकाच हलत होता का? तोंडाला वासही येऊ लागला होता. मला तो कळत नव्हता. पण माझ्या बाकावरच्या मुलीने आधी थंडीच्या दिवसांत खिडकी उघडली आणि मग फळा दिसत नाही असं सांगून पुढच्या बाकावर गेली. तिला चष्मा नव्हता. ती चांगली मुलगी होती, म्हणूनच तिने कारण दिलं. त्यानंतर मी डबा एकटीच खायचे. बोलायची वेळ आली तर तोंडापुढं हात धरायचे. एकदा बाथरूमच्या आरशात स्वतःला तसं पाहिलं आणि लक्षात आलं, आई हसताना पदर अगदी असाच धरते.

दाताचं मी आईला सांगितलं तेव्हा ती माझा दात बोटाने हलवून बघत बसली. मग म्हणाली, “दवाखान्यात जाऊ.” आईने कधी स्वतःच्या दातांसाठी दवाखाना पाहिला नव्हता. म्हणून मी घाबरले.

*

तर एक्स-रेच्या दिवशी फरहीन मॅडमनी आईला जवळ बोलावलं आणि पेनाच्या टोकाने फिल्म दाखवली.

“एकही दात किडलेला नाही. पण दात ज्या हाडात उभे असतात ना, ते हाड खाली गेलंय. इथं, आणि मागच्या दाढांजवळ. एवढ्या लहान वयात कमी जणांना होतं. पण होतं तेव्हा फार लवकर वाढतं. घरात कुणाचे दात लवकर पडलेत?”

आईने बोटांवर मोजलं. “माझे चार. तिशीच्या आत. भावाचे बी. आमच्यात पडतातच.”

‘आमच्यात पडतातच.’ हे मी लहानपणापासून ऐकत होते, मामाच्या लग्नात, मावशीच्या घरी, जणू काही उंची किंवा रंग असावा तसं. हा आजार आहे आणि त्याला उपाय आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. कुणी असं म्हणताना ऐकलं तर मी आता थांबून सांगते की घरातल्या सगळ्या पोरांना दाखवून आणा. लाजत सांगते, पण सांगते.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, “दातच ना? काय जीव जायला लागल्यागत करता?” मग मोबाईलचा टॉर्च लावून त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं. पाहिल्यावर ते जेवले नाहीत. माझ्या शाळेसाठी जोडपाळ्या करणारा माणूस तो. विहारात कुणीही भेटलं तरी पोरगी इंग्रजीत शिकते हे आधी सांगायचे. त्यांना राग कुणावर काढायचा ते कळलं नाही. “तुझ्या माहेरचंच हे सगळं,” ते आईला म्हणाले.

आई भाकरी थापत होती. थापतच राहिली. दुसऱ्या दिवशी पायरीवर आली नाही.

*

उपचार चार गुरुवारी, तोंडाचा एकेक भाग. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीत एक उघडं तोंड, वर दिवा. नंबर पुकारला की जायचं. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ओठ दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा लोंबतो. मग हिरडीच्या आत जाऊन दाताचं मूळ खरवडतात. दुखत नाही, पण आवाज कानातून न येता कवटीतून येतो, तव्यावर उलथनं घासावं तसा.

पहिल्या गुरुवारी मॅडमनी एक नियम सांगितला. “दुखलं तर डावा हात वर कर. बोलायची गरज नाही. हात वर झाला की मी थांबणार, पक्का.”

त्या खरंच थांबायच्या. एकदा मी नाक खाजवायला हात उचलला तरी थांबल्या. “बस बेटा, दोन मिनिटं,” म्हणायच्या आणि त्यांची दोन मिनिटं दहा असायची. चूळ भरायला कोमट पाणी मिळावं म्हणून त्या घरून थर्मास आणायच्या. अशा गोष्टी मी मोजून ठेवत होते, कारण बाकी त्या दिवसांत मोजण्यासारखं काही नव्हतं. शाळेत मी ब्रेसेस लागणार आहेत असं सांगितलं होतं. ब्रेसेस चांगल्या घरच्या मुलींना लागतात.

मॅडमनी ब्रश हातात देऊन शिकवलं. मऊ ब्रश, दात आणि हिरडी जिथं भेटतात तिथं, हळू. “पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ दे. रक्त येतं म्हणून ब्रश बंद नाही करायचा, रक्त येतं म्हणून जास्त नीट करायचा.” आमच्या घरात दोन वर्षं याच्या बरोबर उलटं चाललं होतं.

मी सकाळ-संध्याकाळ तसंच करत होते. आणि दुपारी पायरीवर मिसरी लावत होते. आईही आठवड्याभराने परत बसू लागली होती.

“दातांवर हे काळं परत कसं आलं? चहा किती पितेस?” मॅडमनी एकदा विचारलं.

“खूप,” मी म्हणाले. हे मात्र खोटं होतं. का बोलले, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

*

तीन महिन्यांनी तपासणी झाली. हिरडी आणि दातामधली फट किती खोल आहे ते बारीक सळईने मोजतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. जवळ उभी असलेली विद्यार्थिनी लिहून घेते. फट जितकी खोल, तितका आजार जास्त.

“सहा. सात. सहा.”

पहिल्या दिवशीही सहा, सात, सहाच होते. मला पाठ होते.

मॅडमनी मास्क खाली केला. “सच बता. ब्रश करतेस ना?”

मी मान हलवली. ते खरं होतं. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. “आमच्या सरांशी बोलले मी. दोन आठवड्यांनी हिरडी उघडून साफ करावी लागेल, टाके पडतील. ही भरून का येत नाही तेच कळेना.”

बाहेर पाण्याच्या नळाजवळ भिंतीवर एक पोस्टर होतं. इतके गुरुवार मी त्याच्या शेजारून गेले होते. आई बाटली भरत होती म्हणून त्या दिवशी वाचलं. मराठी मी सावकाश वाचते. बिडी. गुटखा. खैनी. आणि शेवटच्या चौकटीत बाईचं एक बोट, टोकाला काळं. खाली लिहिलं होतं, मिसरीही तंबाखूच आहे.

मी दोनदा वाचलं. मग आईकडे पाहिलं. आई सातवी शिकलेली आहे, मराठी माझ्यापेक्षा भराभर वाचते. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, “चल, बस जाईल.”

तिने ते वाचलं होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

*

पुढचे दोन आठवडे मी सगळ्यांत एकटी होते. आता मला कारण माहीत होतं आणि ते सांगायचं म्हणजे डबी कुणी पुढं केली तेही सांगायचं. पप्पा म्हणणार, तूच पोरीचं वाटोळं केलं. मॅडमच्या डोळ्यांत आई अडाणी बाई होणार. आणि आई, जिने भाकरी थापता थापता सगळं गिळलं होतं, ती हे कुठं ठेवणार? न सांगावं तर हिरडी कापायची, शिवायची, आणि ती पुन्हा भरून येणार नाही. दात एकेक करून जाणार.

मी मधला रस्ता काढला. गुपचूप सोडायचं. शाळेतून आले की खोलीत बसायचे, दार लोटून. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की पुस्तक धरवेना. उगाच आईवर खेकसले. बाहेरून आवाज यायचे.

“मॅडम आपल्यात बसत नाय आता,” मंदाकाकू म्हणाल्या. “लई मोठी झाली.”

“डोकं धरलंय तिचं,” आई म्हणाली. मग दाराशी येऊन, “ये की गं बाहेर. चिमूटभर लाव, उतरंल डोकं.”

तिच्या आवाजात दुसरं काही नव्हतं, फक्त माझं डोकं उतरावं एवढंच होतं. पाचव्या दिवशी मी गेले. आईने माझ्याकडे न बघता सरकून जागा केली. तिघी रस्ता बघत बसलो. पूर्वी त्या गप्प बसण्यात मी त्यांच्यातली होते. आता एकटी मीच गप्प होते, त्या दोघी नुसत्याच बोलत नव्हत्या.

*

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण आजारी माणसाला तेच आधी वाचायचं असतं. ऑपरेशन ठरलेल्या दिवशी झालं नाही, दोन महिन्यांनी झालं. टाके काढताना मॅडम खूश होत्या. तरी खालचा एक दात गेला, त्याला उशीर झाला होता. त्याच्या शेजारचा मागून बारीक तारेने बांधलेला आहे. जीभ लावली की तार लागते. दाढा राहिल्या. दर तीन महिन्यांनी मी जाते आणि जन्मभर जाणार आहे. मिसरी सोडायला मला अर्धं वर्ष लागलं, मधे दोनदा परत धरली. आईने पूर्ण सोडलेली नाही, आता दिवसातून एकदाच लावते, आणि तिचेही दात साफ करून झाले आहेत. पप्पा तेव्हा बोलायचं ते बोलले. आईनेही पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं. पायरीवर मी अजून बसते. तोंड रिकामं असतं त्यामुळे बोलावं लागतं, आणि ते मला अजून जमत नाही.

*

ऑपरेशन आधी ठरलं होतं त्या दिवशी सकाळी आई नवी साडी नेसली होती, कुणाच्या तरी लग्नाला चालल्यासारखी. पप्पांची सही फॉर्मवर झाली होती. मी खुर्चीत आडवी झाले. पहिल्या दिवशीच्या त्याच दोन मुली आज ट्रे घेऊन उभ्या होत्या. आई त्याच बाकावर होती.

मॅडमनी हातमोजे चढवले. सिरिंज उजेडात धरून टिचकी मारली. “तोंड उघड बेटा. चिमटा काढल्यासारखं वाटेल, बस.”

मी तोंड उघडलं नाही. डावा हात वर केला.

“अगं, अजून काही केलंच नाही मी.”

हात मी खाली घेतला नाही. मॅडम थांबल्या, कारण त्यांचा नियम होता. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्या दोन मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

आई बाकावरून उठून जवळ आली. “काय झालं गं? भ्या वाटतंय का?” तिने माझा वर धरलेला हात हातात घेतला. तिच्या पहिल्या बोटाच्या नखाखाली काळी रेघ होती. सकाळी साबणाने घासूनही ती जात नाही. मी उजवा हात तिच्या हातावर ठेवला, माझ्याही नखाखाली तशीच होती. दोन्ही बोटं दिव्याखाली शेजारी शेजारी दिसत होती.

मी बोलले, पण आवाज नेहमीसारखा आला. मॅडम वाकल्या. “काय? मोठ्याने सांग.”

आईचा हात मी सोडला नाही. हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, मी म्हणाले,

“मॅडम, मी मिसरी लावते. नववीपासून, रोज. आईपण लावते. आज माझं काही कापू नका. आधी आमच्या दोघींचं तोंड बघा.”